काखेतला तवा

विश्राम परब हॉटेलात शिरायचे ते काखेत तवा घेऊन.

खरा तवा. लोखंडी, जड, भाकरीचा, मांजरपाटाच्या पिशवीत घातलेला. टेबलाशी बसले की पिशवी मांडीवर, वेटर आला की पिशवी टेबलावर. वेटरने फडका मारायच्या आत पहिला प्रश्न:

"तुमचो तवो खयचो?"

गिरगावातला वेटर बिचारा बटाटवडा, मिसळ, थालीपीठ, पियूष असं सगळं पाठ करून आलेला. तव्याच्या परीक्षेचा अभ्यास त्याने केलेला नसायचा.

"म्हणजे?"

"म्हणजे तेच्यार चपाती भाजतत काय?"

"भाजतात की."

"मग ह्यो घे. माझी तांदळाची भाकरी ह्येच्यार भाज. आणि हाताक गव्हाचा पीठ आसात तर आधी हात धू."

वेटर मालकाकडे बघायचा, मालक गल्ल्यावरून उठून यायचा, आजूबाजूचे घास हातात धरून थांबायचे. मी त्या वेळी समोरच्या खुर्चीवर, हे गृहस्थ कोण बरं, असा चेहरा करून भिंतीवरच्या पाट्या वाचत असे. उठून मात्र जात नसे. बिल परब द्यायचे.

आम्ही लालबागच्या एका चाळीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचो. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. ते पन्नाशीचे, मी पंचविशीचा. त्यांची बायको गावाला होती, माझी अजून ठरायची होती. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. अख्खी मुंबई एका मागणीसाठी घसा फोडत होती, आणि त्या गर्दीत विश्राम परब आपली स्वतंत्र मागणी घेऊन फिरत होते: चार माणसांच्या पंगतीत बसून, न भिता, पोटभर जेवायचं. एवढंच.

कारण त्यांना गहू सोसत नसे. चपातीचा तुकडा पोटात गेला की उभा माणूस आडवा व्हायचा आणि दोन-दोन दिवस उठायचा नाही. कित्येक वर्षं कुणाला काही कळलं नाही. शेवटी परळच्या इस्पितळात परदेशातून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टराने सांगितलं, गहू बंद. एक कणही नको. जन्मभर.

चाळीला हे पटलं नाही. दारू बाधते, वांगं बाधतं, सासूची नजर बाधते, पण गहू? तळमजल्यावर सत्यनारायण झाला तेव्हा परबांनी शिऱ्याचा प्रसाद हातात घेतला, कपाळाला लावला आणि गुपचूप माझ्या हातावर ठेवला. ते नेमकं सगळ्यांनी पाहिलं. कथेत प्रसाद नाकारणाऱ्याची नाव बुडते. परबांची कुठली नाव असणार? तेव्हा चाळीने असं ठरवलं की बुडेल ती त्यांची गिरणी. पुढचे कित्येक दिवस त्यांच्या खात्यातले लोक त्यांच्याकडे संशयाने बघत होते.

बरं, गहू सरळ समोरून येत नाही. तो वेश बदलून येतो. थालीपिठाच्या भाजणीत येतो, पुऱ्या तळलेल्या तेलातून वड्याला चिकटून येतो. दादरला एका उडप्याकडे आम्ही इडली खायला गेलो. इडली तांदळाची, म्हणून मी निर्धास्त. परबांनी सांबाराची वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"ह्येच्यात हिंग आसा."

मालक आला. परबांनी त्याला समजावलं की डबीतला हिंग नुसता हिंग नसतो, त्यात पीठ मळलेलं असतं.

"हिंग में क्या होता है?" मालक म्हणाला. "हिंग में हिंग होता है!"

"डबी दिखाव."

डबी आली. परबांनी खडा फोडला, बोटांनी चुरला, उजेडाकडे धरला. मालकाने तो चष्मा लावून पाहिला, मग आचाऱ्याला बोलावलं, आचाऱ्याने खाली मान घातली. त्या दिवशी आम्ही इडली नुसत्या खोबऱ्याच्या चटणीशी खाल्ली आणि मालकाने बिलात एक रक्कम जास्त लावली. कसली म्हणून विचारलं तर म्हणाला, "तकलीफ का."

परबांनी ती मुकाट्याने दिली. ते नेहमीच देत. कुणी वेगळ्या तव्याचे लावी, कुणी वेगळ्या तेलाचे, एकाने तर तवा घासून दिल्याचे लावले होते, तवा परबांचाच असताना.

मी एकदा न राहवून म्हटलं, "विश्रामभाऊ, घरी चूल आहे, तवा आहे, पीठ आहे. मग विकतचा छळ कशाला?"

"घरात एकट्यान खाल्लेला अंगाक लागणा नाय रे," ते म्हणाले.

आणखी एक प्रश्न होता त्यांचा. तवा, तेल, हिंग सगळी चौकशी झाली, जेवण समोर आलं, की पहिल्या घासाआधी ते आवाज खाली आणून वेटरला विचारत, "ह्या लहान पोराक चालात मां?"

बरोबर पोर नसे. होतो तो मी, आणि मला काहीही चालायचं. वेटर बुचकळ्यात पडून "चालेल की" म्हणायचा. मग ते जेवायला सुरुवात करत. म्हाताऱ्या माणसांना जशा सवयी असतात तशी ही एक, असं मी समजून चाललो होतो.

हॉटेल ही रविवारची चैन. रोजचं जेवण यमुनाकाकीच्या खाणावळीत. गिरणीतले कोकणातून आलेले, बायकापोरं गावाला ठेवलेले वीसेक गडी तिच्या दोन खोल्यांत पंगतीने जेवायचे, आणि चाळीतला एकटा जीव म्हणून मीही. यमुनाकाकी मालवणकडची. अंगाने काटकुळी, आवाजाने पोलादी. परबांशी तिचं रोजचं भांडण.

"परबा, वेगळो तवो, वेगळा तेल, वेगळी परात! माझी खाणावळ काय तुझी सासुरवाडी?"

"गो, मी चपाती खाणंय नाय. माझे पैसे कमी होऊक व्हये."

"आणि भाकरी आभाळातून पडता? तांदूळ काय भावान गावता ता ठावक आसा? तुझ्या एका तव्यापायी माझी एक चूल अडकून रवता. जास्तीच देवचे लागतले!"

जास्तीच द्यावे लागत. आणि इथेही भाकरी पानात पडली की तोच प्रश्न. "काकी, लहान पोराक चालात मां?"

"तुझ्याकडे पोर खय आसा, मेल्या?" काकी ओरडायची, आणि पंगत हसायची. मीही हसायचो. परबही हसल्यासारखं करायचे आणि जेवायला लागायचे.

चळवळीत ते मनापासून होते, मात्र तिथेही आपल्या पोटाचा मुद्दा सोडत नसत. गिरणीच्या फाटकाशी सभा चालली होती. "झालाच पाहिजे"चा गजर संपला आणि वक्ते पाण्याचा घोट घ्यायला थांबले. तेवढ्यात परबांचा हात वर.

"आपला राज्य इला म्हणजे तांदूळ मिळतलो मां?"

"आधी राज्य, मग तांदूळ," वक्ते म्हणाले.

"मग राज्य बेगीन हाडा. माझो तांदूळ सपत इलो."

सभा हसली, वक्तेही हसले. मोर्चा निघाला. परब पुढच्या रांगेत, काखेत पिशवी. नाक्यावर पोलिसांनी अडवलं.

"पिशवीत काय?"

"तवो."

"हत्यार घेऊन मोर्चात?"

"हत्यार नाय सायबा. भाकरीचो तवो."

"मोर्चात भाकरी भाजणार?"

"मोर्च्यात नाय. मोर्चो संपल्यावर भूक लागता."

परबांना संध्याकाळी सोडलं. तव्याला मात्र चौकीत ठेवून घेतलं. पुढचे पंधरा दिवस परब गिरणी सुटली की चौकीच्या पायरीवर जाऊन उभे राहत. अखेर एका हवालदाराने कनवाळूपणे तवा आणून दिला. वर तोंडभरून हसत म्हणाला, "काका, तवा फार झकास. आम्ही रोज चपात्या भाजल्या त्याच्यावर!"

हा प्रसंग मी कितीतरी दिवस लोकांना रंगवून सांगत असे. परबांनी तो तवा राखेने घासला, निखाऱ्यावर लाल केला, पुन्हा घासला. पण त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. आणि तेव्हापासून ते खाणावळीत दिसेनासे झाले.

काही दिवसांनी काकी मला वाढताना म्हणाली, "तुझो शेजारी खय उलथलो? महिन्याचे पैसे देऊन बसलो हा, जेवूक येणा नाय." भांडायला कुणी नाही म्हणून तिला जेवण वाढण्यात राम वाटत नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं.

मी त्यांच्या खोलीत गेलो. परब जमिनीवर बसून पेज पीत होते. गाल आत गेले होते. तवा भिंतीशी पालथा टेकवलेला. मी मोठ्या आवेशात म्हटलं, "विश्रामभाऊ, तवा काय, दुसरा मिळेल. एवढं काय सुतक धरायचं?"

ते पेज पीत राहिले. हात टेकायला म्हणून मी फळीला धरलं, तर वर ओळीने ठेवलेल्या डब्यांच्या मागे एक पितळी बोंडलं दिसलं. लहान मुलाला दूध पाजायचं, चोच असलेलं. घासून लखलखीत ठेवलेलं. ज्या घरात पोर नाही त्या घरात बोंडलं.

माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली.

"सुमनचा," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, थोडंच. मुलगी होती. हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. खाल्लेलं अंगी लागत नसे. वैद्य झाले, देवरुशी झाला. मग जो तो म्हणू लागला, पोरीला ताकद हवी, गव्हाचं सत्त्व द्या. आपल्याकडे अशक्त मुलाला दुसरं काय देतात? बायकोचे हात दुखत म्हणून परब स्वतः गहू भिजवत, वाटत, चीक गाळत, वाळवत. पाळीवरून आले की दुधात शिजवून पाजत. पोर तोंड फिरवी. जितकी ती खंगली तितकं सत्त्व वाढवलं. मोठी झाली तरी चमच्याने घेत नसे म्हणून बोंडल्यानेच.

"नाक दाबून पाजलंय रे," परब म्हणाले. "माझ्या हातान."

ती गेल्यावर बायको गावाला निघून गेली, ती परत आली नाही. पुढे परब स्वतः आजारी पडू लागले, आणि त्यातही कित्येक वर्षं गेली. परळच्या त्या तरुण डॉक्टराने गहू बंद करायला सांगितलं आणि कागद मिटता मिटता सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? रक्तातून येतं कधीकधी हे."

तेव्हा त्यांना कळलं.

माझ्या मागे काहीतरी हललं. दारात यमुनाकाकी उभी होती, हातात झाकलेली थाळी. भांडायला आली होती. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. तिने थाळी उंबऱ्याच्या आत ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि जिना उतरून गेली.

त्याच आठवड्यात खाणावळीतले सत्याग्रहात गेलेले गडी तुरुंगातून सुटून आले. त्यांच्यासाठी काकीने गोडाचं जेवण ठरवलं. पुरणपोळी असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तुरुंगातल्यांनी तर आत असल्यापासून. मी परबांना जवळजवळ ओढूनच नेलं. तव्याशिवाय ते प्रथमच जेवायला बाहेर पडले होते. काख रिकामी असल्यामुळे तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

पानं मांडली गेली आणि काकीने टोपावरचं झाकण काढलं. रस आणि शिरवाळे. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे साच्यातून दाबून काढलेल्या त्या शुभ्र शेवया, आणि त्यांच्यावर घालायला नारळाचं दूध, गूळ, वेलची.

"काकी, आणि पुरणपोळी?" तुरुंगातून आलेला एक जण कळवळला. "आम्ही लाठ्या खाल्ल्या!"

"लाठयो खाल्लंस, आता शिरवाळे खा. माझ्या घरात आज गहू शिजूचो नाय."

काकी वाढत वाढत परबांपाशी आली. परबांनी सवयीने तोंड उघडलं. "काकी, तवो..."

"ह्येका तवो लागणा नाय."

"जास्ती किती देवचे?"

"गप जेव."

परबांनी पानाकडे पाहिलं. सगळ्यांच्या पानात जे, तेच त्यांच्या पानात. एक शिरवाळा बोटांनी उचलून पुन्हा खाली ठेवला. मग नेहमीसारखा आवाज खाली आला.

"काकी, ह्या... लहान पोराक चालात मां?"

पंगतीत दोघे-तिघे सवयीने हसले. यमुनाकाकी हसली नाही. टोप हातात घेऊनच ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि त्यांच्या पानात रसाची आणखी एक पळी ओतली.

"चालात," ती म्हणाली. "पोटभर चालात."

परब बसल्या जागी जरासे सरकले, आणि शेजारी हातभर जागा मोकळी सोडून जेवू लागले.