कोंबड्याच्या पायांत पाणी

तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, पहिल्या दिवशी सकाळी ख्वेन स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. पूर्वजांना नैवेद्य म्हणून दाखवलेल्या कोंबड्याचे दोन पाय सासूबाईंनी दाराशी दोरीवर वाळत घातले होते. दोरी जागेवर होती, पाय नव्हते. खाली कुत्रा जिभल्या चाटत बसला होता.

ते पाय साधेसुधे नव्हते. त्यांची बोटं कशी वळली ते बघून गावातले जाणकार द्येम आजोबा घराचं वर्षाचं भाकीत सांगत आणि सासूबाई त्याच्या बाहेर पाऊल टाकत नसत. दोन वर्षांपूर्वी आजोबांना एका नखाखाली काळा डाग दिसला, तर खणायला घेतलेली विहीर अजून अर्धवटच आहे. यंदा तर सहाव्या दिवशी ख्वेनचा नवरा किएन परदेशी मासेमारी जहाजावर तीन वर्षांसाठी निघणार होता. त्याने जाऊ नये असं ख्वेनला फार वाटे. पण निघणाऱ्या माणसापुढे रडणं अशुभ, म्हणून ती मुकाट्याने त्याचे कपडे भरत होती.

पाय गायब झालेले सासूबाईंना कळले तर आपली धडगत नाही, या भीतीने ती शेजारच्या कुंपणाशी धावली.

"लुआताई! अहो लुआताई!"

"आत पाऊल टाकू नकोस हं!" लुआ पलीकडून ओरडली. "वर्षाचा पहिला पाहुणा चांगल्या पायगुणाचा लागतो, आमच्याकडे तो अजून यायचाय. काय ते तिथूनच बोल."

ख्वेनने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

"एवढंच ना? मग आमच्या कोंबड्याचे ने. आम्ही कुठं वाचून घेतो!"

पाय कुंपणावरून आले आणि दोरीवर चढले. सासूबाईंना काही कळलं नाही.

दहा वाजता द्येम आजोबा आले. चष्मा पुसून त्यांनी पाय उजेडात धरले. नेमकी तेव्हाच लुआ शुभेच्छा द्यायला आली. आजोबांनी एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं.

"पाणी," ते शेवटी म्हणाले. "खूप पाणी. ज्या घराचे हे पाय, त्या घरचा कर्ता पुरुष पाण्यावर गेला की परत येत नाही."

"अगं आई गं!" सासूबाई मटकन खाली बसल्या. "किएन, ती बॅग आधी रिकामी कर!"

ख्वेनला आनंदाने उडी मारावीशी वाटली, तेवढ्यात तिच्या दंडात कुणाची तरी नखं रुतली. लुआचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचा नवरा बॉन गावचा नावाडी होता.

"पाय आमचे होते गं," ती कानात पुटपुटली.

दुसरा दिवस बायकोच्या माहेरी जायचा, आणि गावातल्या निम्म्या बायकांचं माहेर नदीपलीकडे. सकाळी सगळा गाव नटूनथटून काठावर उभा, पण नाव हलेना. लुआ दोन्ही वल्ह्यांवर फतकल मारून बसली होती.

"कारण विचारलं तर नुसती रडते," बॉन हात जोडून लोकांना सांगत होता. "तेतमध्ये भांडण अशुभ, मग रडणाऱ्या बाईला मी उठवू कसं?"

"मग आम्ही काय पोहत जायचं माहेरी?" कुणीतरी खेकसलं.

गर्दीत किएन आणि ख्वेनसोबत सासूबाईही होत्या. नव्वदीच्या आईसाठी पानात उकडलेल्या चिकट भाताचे दोन चौकोनी पुडे घेऊन त्या निघाल्या होत्या. खरं सांगावं तर भाकीत आपल्या घराचं उरणार नाही आणि किएन जाईल. न सांगावं तर लुआ कुठल्याही क्षणी तोंड उघडेल, आणि बिचारा बॉन खरंच बुडाला म्हणजे? शेवटी तिने सासूबाईंना बाजूला ओढलं आणि भडाभडा सगळं ओकून टाकलं.

सासूबाई रागावल्या नाहीत. याचीच ख्वेनला जास्त भीती वाटली.

"बॉन नाही बुडत," त्या हळूच म्हणाल्या. "द्येमला मी आधीच दारूच्या दोन बाटल्या पोचवल्या होत्या. दोरीवर कुत्रा टांगला असता तरी त्याला पाणीच दिसलं असतं."

"आई!"

"मग काय करू? पोरगा जहाजावर चाललाय म्हणून गावभर मीच मिरवलं. आता त्याच तोंडानं नको कसं म्हणू? महिनाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

मग त्या तरातरा लुआपाशी गेल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या. "ऊठ गं. द्येमला नीट विचारून आलेय मी. पायांतलं पाणी खारं आहे."

"खारं?" लुआने डोळे पुसले. "आमच्या ह्यांनी समुद्र बघितला पण नाही अजून!"

"म्हणून तर म्हणते, वल्ही सोड."

नाव सुटली. ख्वेन आणि सासूबाई एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. त्यांच्या मागे किएन दोन्ही हातांनी नावेची कड घट्ट धरून होता. नदीच्या मध्यावर तो पुढे वाकला.

"आई, मघाशी तुझं बोलणं ऐकलं मी. दोन नव्हेत, तीन."

"काय तीन?"

"बाटल्या. तिसरी माझी होती."