वांगं तळाला आहे

बटाटेवडा हे विष आहे असा माझा ठाम निश्चय झाला, तेव्हा मी म्हैसूरहून नुकताच परतलो होतो आणि माझ्या ट्रंकेत दोन डझन टीपकागद होते. (माणसाजवळ इतके टीपकागद असू नयेत.) अठरा महिने अन्नशास्त्र शिकून, डिप्लोमा बगलेत मारून मी लोणावळ्याला गाडीतून उतरलो आणि आमच्या औंढे गावाच्या फाट्यावर पाहतो तर काय! घरोघर नाचणीची भाकरी निवत पडलेली आणि निम्मा गाव नथूच्या टपरीपुढे वडे खात उभा!

माझे रक्त उसळले. टपरी ग्रामपंचायतीच्या जागेत होती. महिनाभर कसाबसा दम धरला आणि मग सरपंच अंबाजी आबांकडे गेलो.

"आबा, ती टपरी उठवा. देश घडवायचा तर ती कढई विझली पाहिजे!"

"आन् नथूनं काय खावं?" आबा म्हणाले. "भातशेती चार म्हैनं. बाकीचं आट म्हैनं ती कढईच त्याचं शेत हाय."

"मी शास्त्राने सिद्ध करतो! वडा आणि घरचं कालवण टीपकागदावर ठेवायचं. ज्याचा तेलाचा डाग मोठा, ते तब्येतीला वाईट."

आबांनी तंबाखू मळत विचार केला. "ठरलं. वड्याचा डाग मोठा निगाला तर टपरी उठंल. न्हाय तर तू गप बसायचं."

मी आनंदाने जवळजवळ उडालोच. घरच्या जेवणाबद्दल मला शंकाच नव्हती. महिनाभर झुंबरआत्याच्या स्वयंपाकघरात माझेच राज्य होते आणि तेल थेंबाने मोजून पडत होते. ("हौशा, ह्ये कालवण हाय का इंद्रायणीचं पाणी?" असे आत्या रोज विचारी. मी तिला जीवनसत्त्वे समजावून सांगे.)

कोतवालाला मी दवंडी लिहून दिली : 'रविवारी देवळापुढे घरोघरच्या कालवणातील तेलाची तपासणी होईल. रोजचेच जेवण आणावे.' कोतवालाला ती फार लांब वाटली. तो ओरडत गेला, "ऐका हो ऐका! ऐतवारी म्हैसूरचं सायेब बगणार, कुणाच्या घरात किती तेल हाय!"

बस्स! पाहुण्याच्या ताटात तर्री किती तरंगते त्यावर मावळात घराची पत ठरते, हे मला म्हैसूरला कुणी शिकवले नव्हते. शनिवारी दुपारपर्यंत वाण्याकडचा तेलाचा डबा रिकामा झाला. (मला वाटले, माझ्या सन्मानार्थ गाव दिवे लावणार आहे.)

रविवारी मारुतीपुढे ही गर्दी! पहिले पातेले शेजारच्या आक्काबाईचे.

"काय आहे यात?"

"वांगं."

"वांगं कुठे दिसत नाही."

"हाय की. तळाला हाय. तेलाखाली."

टीपकागदावर थेंब टाकायला गेलो तर ओघळच आला. कागद असा पारदर्शक झाला, की त्यातून पलीकडचा मारुती स्वच्छ दिसू लागला. बायका कौतुकाने आक्काबाईकडे पाहू लागल्या. दुसरे घर, तिसरे घर, थेट अकरावे घर. डाग वाढतच गेले. मग नथूने वडा ठेवला. डाग रुपयाएवढा!

एकच आशा उरली. मी आत्याचे कालवण कागदावर घातले, कागद वाळवला, उन्हाला धरला आणि किंचाळलो, "शून्य! एक ठिपकासुद्धा नाही!"

टाळ्या पडतील म्हणून मी थांबलो.

"अगं बया!" आक्काबाई हळहळली. "भाच्याला आसं कोरडं घालतीस व्हय गं झुंबर? तरीच म्हनलं, पोरगं वाळलं कशानं!"

आत्याने पदर तोंडाला लावला आणि ती चालू लागली.

"आबा, हे रोजचं जेवण नाही!" मी ओरडलो. "रोजचं फक्त आत्याचं आहे!"

"त्या घरात उपास दिसतुया. त्यो धरायचा न्हाय," आबा म्हणाले. "अकरा घरांचं डाग भाकरीयेवढं, वड्याचा रुपयायेवढा. तुज्याच शास्त्रानं वडा चांगला. टपरी ऱ्हाईल."

नथू माझ्या पायाच पडला. "सायेब, तुमच्यामुळं वाचलो!"

घरी आलो तर चूल थंडगार. "आत्या, जेवायला?"

"त्ये शून्य आणलंस ना घरी?" आत्या म्हणाली. "त्येच खा."

मुकाट्याने फाट्यावर गेलो. नथूने कढईतला गरम वडा कागदात गुंडाळून हातात दिला. कागद ओळखीचा वाटला. उलगडून पाहिला : 'बाहेरचे खाणे : विषाचा घास. लेखक, हौशीराम, अन्नशास्त्र डिप्लोमा.' पुण्याला छापून घेतलेल्या माझ्या पाचशे पत्रकांपैकी एक!

"आत्याबाईंनीच सगळा गठ्ठा आणून दिला," नथू कृतज्ञतेने म्हणाला. "कागद लय बेस हाय, सायेब. तेल काय टिपतो! शिक्षणाचं चीज झालं."

तोंडात वडा होता. तो संपल्यावर दुसरा मागितला. (एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, असे आम्हाला म्हैसूरला शिकवले होते.)