खऱ्या तेलाची परीक्षा

"आजपासून स्वयंपाकघरात हे तेल उकळणं बंद!" आईने जाहीर केलं. घरभर लसूण-कापराचा धूर कोंदला होता.

आजोबा कढईला बिलगल्यासारखे उभे राहिले. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज बागेत जमणाऱ्या जुन्या सोबत्यांच्या गुडघ्यांना हे तेल पुरवत होते.

"अगं, गुण येतो!"

"साध्या तेलानेही येईल, बाबा."

इथे नातीला स्फुरण चढलं. शाळेत संख्याशास्त्र सुरू झाल्यापासून ती दिसेल त्याची सरासरी काढत सुटली होती. "प्रयोगच करू ना! निम्म्यांना खरं तेल, निम्म्यांना नुसता कापूर घातलेलं. कुणाला कुठलं, ते फक्त मला ठाऊक. दुखण्याला रोज दहापैकी मार्क. योगायोगाने पडणार नाही एवढा फरक दिसला, तर आजोबा जिंकले!"

"नाही दिसला, तर कढई भंगारात," आई म्हणाली.

महिन्याने गणित मांडलं. दोन्ही गटांचे गुडघे सुधारले होते, पण अगदी सारखेच! आजोबांचा चेहरा उतरला.

"एक सांगायचं राहिलं बघ," निकाल ऐकायला आलेले त्यांचे छापखान्यातले दोस्त, मशीनवाले आजोबा म्हणाले. "आम्ही पहिल्याच दिवशी बागेत सगळ्या बाटल्या एका पातेल्यात ओतल्या आणि सारख्या वाटून घेतल्या."

"अहो, का पण?"

"छापखान्यात मशीनच्या धडधडाटात, शाईच्या बोटांनी, सगळे डबे एकाच कागदावर उपडे करून जेवायचो आम्ही. एकाला खरं, दुसऱ्याला खोटं? आमच्यात नाही चालत, पोरी!"

नातीने कपाळावर हात मारला. "पुन्हा करायचं! आता ज्याने त्याने घरीच, एकट्याने चोळायचं."

पुढच्या महिन्यातही दोन गटांत फरक नाही. मात्र ह्या वेळी सगळ्यांचेच गुडघे ठणकत होते!

"म्हणजे तुमच्या गप्पाच लागू पडतात!" नात टुणकन उडाली. "मग तेल हवंय कशाला? नुसतेच जमा की बागेत!"

"नुसतंच?" मशीनवाले आजोबा पुटपुटले. "घरी विचारतात, रोज रोज कुठे निघालात? तेल लावायला म्हटलं, की कुणी अडवत नाही."

आईने नातीच्या हातातला तक्ता ओढून घेतला, चष्मा चढवला.

"माणसं किती गं?"

"आठ."

"एवढ्याशा माणसांवरून निष्कर्ष काढतात होय? हेच शिकवतात शाळेत? प्रयोग चालू ठेव. बागेत, सगळे मिळून."

"कधीपर्यंत?"

"निकाल लागेपर्यंत," आई म्हणाली. "आणि बाबा, निकालाची घाई करू नका हं."