प्रागमधला न पाहायचा पूल

ओटमार क्रेहलीक हे मूळचे प्रागचे नव्हते, आणि ही वस्तुस्थिती त्यांनी पंधरा वर्षे परिश्रमपूर्वक दडपून ठेवली होती. मोराव्हिया प्रांतातल्या खेड्याचा हेल त्यांनी जिभेवरून खरवडून काढला. अस्सल प्रागकरांचे सर्व अलिखित नियम ते अस्सल प्रागकरांपेक्षा कसोशीने पाळीत. त्यातला पहिला नियम असा, की नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर पाऊल ठेवायचे नाही. तिथे टुरिस्ट जातात.

अशा माणसाकडे एका शनिवारी सकाळी आई आली. ब्लाझेनाबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढल्या महिन्यात होते, आणि त्यानंतर किती चालता येईल हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात. त्याआधी एकदा आपल्या पायांनी तो पूल ओलांडायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. लग्नानंतर नेतो, असे नवरा म्हणाला होता. नवरा गेला, पूल राहिला.

"आई, तिथे फक्त टुरिस्ट जातात गं," ओटमार स्टेशनावरच म्हणाले.

"मग मी कोण?"

"तू माझी आई आहेस."

"आयांना बंदी आहे का पुलावर?"

या प्रश्नाला नियमांत उत्तर नव्हते. ओटमारनी तिची पिशवी उचलली. पिशवीत नेहमीप्रमाणे पावात दाबलेली डुकराची तळलेली कटलेटं होती. "मी तुला खरं प्राग दाखवतो," ते म्हणाले, आणि तिला थेट एका जुन्या कत्तलखान्यात घेऊन गेले.

कत्तलखान्यात आता कॉफी मिळे. फक्त प्रागकरांनाच ठाऊक असलेली ही जागा असल्यामुळे बाहेर भली मोठी रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाने खेड्यातून आलेली आपापली आई धरून ठेवली होती. बसायला लाकडी खोकी. ब्लाझेनाबाई गुडघा धरून खोक्यावर टेकल्या, आंबट कॉफीचा घोट घेतला आणि लेकाला लाडाच्या नावाने हाक मारून म्हणाल्या, "ओता, पुलावर याहून गर्दी असते का रे?"

मर्मावरच बोट! जिथे गर्दी तिथे खरेपण उरत नाही, हे उघड होते. सबब आणखी लांब जाणे प्राप्त झाले. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर उतरून ते सिमेंटच्या इमारतींमध्ये उभे राहिले.

"इथे काय बघायचं?"

"काही नाही. तेच तर बघायचं."

"काही नाही ते आपल्या गावातही मुबलक आहे, बाळा. त्यासाठी गाडीभाडं कशाला?"

तेवढ्यात कोपऱ्यावरून छत्री उंच धरलेला एक गाईड आला. 'जिथे कुणीच जात नाही' अशी त्याची सहल होती आणि मागे तीसेक माणसे होती. ओटमारना संताप आला. काय हा निर्लज्जपणा! त्यांनी आईला हाताला धरून आणखी पुढे नेले, सांडपाण्याच्या कारखान्याच्या भिंतीपर्यंत. तिथे खरोखरच कुणी नव्हते. का नव्हते, ते नाकाला कळत होते. ओटमार धन्य झाले. त्यांनी भिंतीपुढे आईचा फोटो काढला. "हस ना आई," ते म्हणाले, आणि ती माउली हसली.

स्टेशनाकडे परतताना ट्राम नदीकाठाने निघाली आणि पुलाच्या तोंडाशी थांबली. ब्लाझेनाबाई दांडा धरून उठल्या. "ओता, फक्त जाऊन येऊ. पाचच मिनिटं."

ओटमार उठणारच होते. पण खिडकीतून त्यांना ऑफिसातली श्टेपांका दिसली. पाच पिढ्यांची अस्सल प्रागकरीण! एका हातात आईस्क्रीम, दुसऱ्या हातात स्वतःची आई, आणि दोघी खिदळत पुलाकडे निघालेल्या. अरेरे, शेवटी हीसुद्धा घसरली, असे ओटमारना वाटले. आता नियम सांभाळायला आपण एकटेच उरलो. त्यांनी आईची बाही ओढली.

"बस, आई. गाडी चुकेल."

ती बसली. ट्राम वळेपर्यंत मान मागे करून बघत राहिली.

रात्री ओटमारनी भिंतीपुढचा फोटो सोशल मीडियावर टाकला. 'आईला खरं प्राग दाखवलं.' लाल बदामांचा पाऊस पडला. 'असे मुलगे घरोघर असावेत,' असे कुणीतरी लिहिले. मग आई पोचली का हे विचारायला त्यांनी फोन केला. "पोचले रे, थांब हं, व्लास्ता आलीय," म्हणून आईने फोन टेबलावर ठेवला, तो तसाच चालू राहिला.

"पाहिलास का गं पूल?" शेजारीण विचारत होती.

"पाहिला म्हणजे? माझ्या ओतानं हाताला धरून या टोकापासून त्या टोकाला नेलं मला. मधे तीनदा बसवलं. म्हणाला, आई, घाई करू नकोस, पूल कुठे पळून जातोय."

ओटमारना मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो फोटो आधी काढून टाकायचा, आत्ताच्या आत्ता, म्हणून त्यांनी बोट उचलले, तेवढ्यात आणखी एक बदाम आला. बोट खाली आले. बघणाऱ्यांना इतका आवडतोय, तर असू दे.

हा शेवटचा बदाम तुमचाच होता. मान कशाला वळवता?