समुद्र खोडून दिलेले गुण

तुमच्या समितीने आमचं बेट समुद्रातून उचलून जमिनीवर ठेवलं, अध्यक्षसाहेब, आणि याला तुम्ही निःपक्षपात म्हणता.

मी बेटावरची आरोग्यसेविका; सगळे मला मानांग, म्हणजे ताई, म्हणतात. इस्पितळ पलीकडच्या किनाऱ्यावर. गेल्या पावसाळी वाऱ्यात जोव्हेलिनला कळा सुरू झाल्या. वल्ह्याची होडी अर्ध्यावर पोचेपर्यंत तिचं पहिलं मूल गेलं. आता तिला पुन्हा आठवा लागलाय. म्हणून मी आरोग्य अनुदानासाठी अर्ज केला. मागणी एकच: इंजिनाची होडी.

वशिला चालू नये म्हणून समितीने अर्जांतली नावं काळ्या शाईने झाकली. मग गावं झाकली. सात अर्जांत बेट एकच, तेव्हा अर्जदार ओळखू येईल म्हणून ‘बेट’, ‘समुद्र’, ‘लाटा’ हेही झाकलं. ‘होडी’ तेवढी राहिली, कारण मागणी झाकायची नियमात सोय नाही.

परीक्षकांचा शेरा आला: ‘बाळंतिणीला होडीतून नेण्याचं प्रयोजन स्पष्ट होत नाही. रुग्णवाहिकेचा विचार केलेला दिसत नाही.’ शंभरात अकरा. पहिला नंबर इस्पितळाला खेटून असलेल्या वस्तीचा, हात धुण्याच्या नाचाच्या स्पर्धेसाठी.

मी कचेरी गाठली. मूल्यमापन अधिकारी एपिफानियो साहेब पान्सित खात होते. शेवयांचा घास गिळून त्यांनी मला समितीची शाई किती उत्तम प्रतीची आहे ते समजावलं.

“पण साहेब, आम्ही बेटावर राहतो,” मी म्हटलं.

त्यांनी काटा खाली ठेवला. “हे सांगायला नको होतं, मानांग. आता तुम्ही कोण ते मला कळलं. तुमचं अपील मला ऐकता येणार नाही.”

“मग कोण ऐकेल?”

“ज्याला तुमच्याबद्दल काही ठाऊक नाही तो.”

“त्याला मी सांगू काय?”

“काही सांगूच नका. त्यातच तुमचं भलं आहे.”

अपील डोंगराळ जिल्ह्यातल्या समितीकडे गेलं. तिने सहानुभूतीने विचार करून दोन गुण वाढवले आणि होडीला चाकं लावून घ्यावीत, असं सुचवलं.

काल जोव्हेलिनने विचारलं, “मानांग, या खेपेला पोचेन ना मी?”

वाचणाऱ्यांनो, हळहळू नका. तिचं नाव तुम्हाला कळलं, म्हणजे नियमाप्रमाणे तुम्हीही बाद. मनातून सुटल्यासारखं वाटलं असेल, नाही?

साहेब, तिला नववा लागायला बारा दिवस आहेत. तिला मी काय सांगू? लेखी कळवा.