दोन अंशांच्या आतला रस्ता

कार्डिफमध्ये अशी पुष्कळ माणसं आहेत, ज्यांना दक्षिण फ्रान्समधल्या एका सायकलच्या रस्त्याची पहिली तीन वळणं पाठ आहेत आणि चौथं अजिबात ठाऊक नाही. हे सगळे डॉ. श्रीधर मोघ्यांचे पेशंट. मोघे आमच्या हॉस्पिटलात भूल देत. इतर डॉक्टर पेशंटला दहापासून उलटे आकडे मोजायला सांगतात. मोघे त्याला सायकलवर बसवत. "यू आर ऑन अ बायसिकल. व्हेरी लाइट ब्रीझ. ॲट द फाउंटन, टर्न लेफ्ट." कारंज्यापाशी डावीकडे, चर्चला वळसा, मग द्राक्षांच्या मळ्यातून उजवीकडे, आणि तिथे बहुतेकांचा डोळा लागे. एक जाडजूड निवृत्त गोदी कामगार तेवढा पुलापर्यंत पोहोचला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या पित्ताशयाबद्दल नव्हता. "सो वेअर डझ इट गो आफ्टर द ब्रिज, डॉक?" मोघ्यांनी संध्याकाळी वॉर्डात नकाशा नेऊन त्याला उरलेला रस्ता सविस्तर दाखवला.

मी त्याच हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मोघ्यांहून बारा वर्षांनी लहान, त्या वेळी अविवाहित, आणि म्हणून दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला. मला स्वतःला सायकलचं प्रेम नाही. चाकाचा शोध माणसाने बसून जाण्यासाठी लावला, पाय मारण्यासाठी नव्हे, असं माझं मत आहे, आणि वेल्समधला वारा दोनदा तोंडावर घेतल्यावर ते पक्कं झालं.

मोघे दर सप्टेंबरात दोन आठवड्यांची रजा काढून एकटेच फ्रान्सला जात. भूमध्य समुद्राच्या वरच्या अंगाला डोंगरउताराचा, द्राक्षमळ्यांचा मुलूख आहे, तिथे. सामानात मेतकूट, दशम्या आणि लसणाची चटणी. वाइनचा थेंब ते घेत नसत. मळेवाले प्रेमाने ग्लास पुढे करत आणि मोघे त्यांच्याकडे गरम पाणी मागत. ते आजारी आहेत अशा समजुतीने एका बाईंनी त्यांना दोन तास खाटेवर झोपवून ठेवलं होतं.

सायकलच्या दांडीवर त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या कमानीवर वाकवून चिकटवलेली सलाइनची नळी, नळीत निळं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. चढ आला की बुडबुडा पुढे सरके आणि मोघे उतरून तो किती अंश सरकला ते वहीत लिहीत. अशा अकरा वह्या होत्या. "आकडा खोटं बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ब्लडप्रेशरलाही लागू होई आणि भातात घालायच्या पाण्यालाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, चर्चच्या हॉलमध्ये, ते या रस्त्यांच्या स्लाइड्स दाखवत. एकाही स्लाइडमध्ये माणूस नसे, नुसता रस्ता.

"हा बघा चढ. साडेपाच अंश!"

"कुठे?" मागून कुणीतरी विचारी. कारण फोटोत चढ दिसत नाही. फोटोत प्रत्येक रस्ता सपाटच दिसतो. एक वर्ष त्यांनी पुरावा म्हणून रस्त्यावर संत्रं ठेवून फोटो काढला. संत्रं घरंगळत खाली गेलं, फोटोत आलंच नाही, आणि आम्ही रिकामा रस्ता पाहत बटाटेवड्यांची वाट पाहिली.

पण खरी गंमत पुढेच आहे. हा माणूस इतके चढ मोजत होता ते चढण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी. त्यांना त्या डोंगराळ मुलखातून जाणारा, कुठेही दोन अंशांपेक्षा जास्त न चढणारा रस्ता हवा होता.

"डॉक्टर, मग हॉलंडला जा की," एकदा मी म्हटलं. "तिथे सगळं पोळपाटासारखं आहे."

"हॉलंडला द्राक्षं आहेत का?"

"तुम्ही तर वाइन पीत नाही."

त्यांनी आधी आतला कानोसा घेतला. आत स्वयंपाकघरात कुमुदवहिनींची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, भांडी वाजत होती. मग हळू आवाजात म्हणाले, "हिच्या वडिलांचा नाशिककडे द्राक्षांचा मळा होता. हिचं सगळं लहानपण तिथे गेलं. ते गेल्यावर भावांनी मळा विकला. अकरा वर्षांपूर्वी इथे टीव्हीवर फ्रान्सचा हा भाग दाखवत होते, तर ही हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. 'आमच्या मळ्यासारखंच आहे' म्हणाली. मी लगेच विचारलं, येतेस का? सायकलवरून सगळं बघू. तर म्हणाली, 'नको, तुम्ही जा, मला कुठे चढ झेपतात.' म्हणून शोधतोय. चढ नसलेला रस्ता सापडला की नेईन."

"किती राहिलाय?"

"एकच टेकडी. सहा अंश. उत्तरेकडून बघितलं, दक्षिणेकडून बघितलं, तिला वळसाच नाही."

म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. आणि त्या शेपटापायी तीन वर्षं गेली होती.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पुढच्याच रविवारी मोघे आपत्कालीन ड्यूटीवर गेलेले असताना मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मी चढाचं म्हणाले होते?"

"असं डॉक्टर म्हणतात."

"अरे, काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले असेन. पहिल्याच विचारण्याला कुणी 'हो' म्हणतं का? वाढतानासुद्धा माणूस आधी 'नको' म्हणतो. मी वाट बघत बसले, आता परत विचारतील, मग विचारतील. हे दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन आले आणि एकटेच गेले." पुन्हा एक काडी उचलून त्या म्हणाल्या, "मला वाटलं, यांना एकट्यालाच जायला आवडतं."

पुण्यातल्या पंगतीत पानावर आडवा हात धरणाऱ्याला तीन-तीन जिलब्या वाढणारा हा माणूस. पण हॉस्पिटलात इतकी वर्षं काढून त्यांना सवय लागली होती की 'नो' म्हणजे नो. कन्सेंट मिळाली नाही तर सुई लावायची नाही. ती सवय त्यांनी घरात लावली आणि अकरा वर्षं त्यात घालवली. मला हसावं की रडावं कळेना.

सोमवारी त्यांना कँटीनमध्ये गाठून मी म्हटलं, "डॉक्टर, वहिनींना परत विचारा."

त्यांचा चेहरा उतरला. ऑपरेशन टेबलावर पेशंटची नाडी बुडाली तरी न हलणारा माणूस चमच्याने नुसताच चहा ढवळत राहिला. "आणि खरंच नको म्हणाली तर?"

"तर तिसऱ्यांदा विचारा."

पुढच्या रविवारी आमटी-भात झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "कुमुद, सप्टेंबरात येतेस का?"

"नको," वहिनी म्हणाल्या.

मोघे मुकाट्याने ताट उचलायला लागले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"अगं, चल ना."

"तुम्हाला उगाच त्रास माझा."

"त्रास कसला? चलच तू. तू नाही आलीस तर मी पण जात नाही."

"बरं," असं म्हणून वहिनी दही आणायला आत गेल्या आणि बराच वेळ दही घेऊन बाहेर आल्या नाहीत.

सामानाची गाडी चालवायला त्यांनी मला नेलं. मोघ्यांनी आखलेला रस्ता खरोखर अप्रतिम होता, हे मी स्टिअरिंगमागे बसून सांगतो. वहिनी शेजारणीच्या मुलीची जुनी सायकल, पंजाबी ड्रेस आणि कार्डिगन अशा थाटात तीन दिवस सरळ चालवत राहिल्या. चौथ्या दिवशी ती टेकडी आली. मोघे आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी सायकल थांबवली आणि अपराध्यासारखे म्हणाले, "कुमुद, हा एक आहे. सहा अंश. मी खूप प्रयत्न केला, पण याला वळसा नाही. तू गाडीत बस."

वहिनींनी वर बघितलं. मग त्या सायकलवरून खाली उतरल्या आणि हँडल धरून चालायला लागल्या.

"अगं, हे काय?"

"चढ आला की उतरायचं आणि हातात धरून चालायचं. शाळेत जाताना आम्ही सगळ्या तेच करायचो. त्यात काय एवढं?"

मोघे जागच्या जागी उभे राहिले. अकरा वर्षं त्या मुलखातला चढ न् चढ ज्याने मोजला, त्याला हे सुचलं नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस हसेल. पण ते धावत वहिनींपाशी गेले आणि म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस? अकरा वर्षं मी एकटा या रस्त्यांवर..."

"आणि मी घरी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "अकरा वर्षं दर सप्टेंबरात पंधरा दिवस मी एकटी जेवले."

मोघ्यांनी वहिनींची सायकल आपल्याकडे घेतली, एक या हाताला आणि एक त्या हाताला, आणि धापा टाकत दोन्ही ढकलायला लागले. वहिनी मोकळ्या हातांनी पुढे गेल्या, एका वेलीपाशी थांबल्या आणि माहेरच्या सवयीने पान उलटून खालून पाहू लागल्या. मोघे पोहोचेपर्यंत त्या तिथेच थांबल्या होत्या. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि दोघांच्या खूप मागे राहिलो.