दोन ओळींचं काम

लॅपटॉपमध्ये नवीन काही बसवायचं तर आख्ख्या लुके गावात माझा हात धरणारा कोणी नाही! म्हणूनच सासऱ्यांना छातीठोकपणे म्हणालो, "बाबा, हार्पच्या तारांचा आराखडा ना? तुम्ही तुमच्या त्या गार पानांच्या पेयाचा, तेरेरेचा, पहिला घोट घ्या, तोवर छापून देतो!"

सासरे हार्प बनवतात. अकरा वाजता संगीतशाळेच्या बाई येणार होत्या. आराखडा पसंत पडला तर सहा हार्पांचं काम, वर्षातलं पहिलंच.

आराखडा काढणारा नवा प्रोग्राम बसवायचा हुकूम मी लॅपटॉपला टाइप करून सोडला. पडद्यावर ओळीच ओळी आल्या. तोवर बायकोला, निमियाला, मी माझं कौतुक ऐकवत होतो. मग पडदा पुसला. असलं कोण वाचतं? ऐटीत नव्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं.

उत्तर आलं: असं काही सापडत नाही!

"आत्ताच बसवलंस ना?" निमिया.

"बसलंय गं! कुठे बसलंय ते लॅपटॉपला सांगायचं राहिलंय."

"म्हणजे पाहुणा घरात आणि घरालाच पत्ता नाही?"

तेवढ्यात सासऱ्यांनी मागून काहीतरी पुढे केलं. तेरेरेच असणार! मान वर न करता म्हणालो, "आभार, बाबा!" आमच्याकडे तेरेरेचा पेला पुढे आल्यावर आभार मानले की 'मला नको, पुरे' असा अर्थ, मग त्या माणसाला पुन्हा कोणी विचारत नाही. सासरे गुपचूप जाऊन बसले.

हुकूम कुठे कुठे शोधायचे याची लॅपटॉपकडे यादी असते. तिला नवी जागा जोडायची सोडून मी यादीच पुसली आणि एकच जागा लिहिली, तीही चुकीची! आता साध्या फायली दाखव म्हटलं तरी 'सापडत नाही!' घाबरून दुसरी खिडकी उघडली, तर तिथे जुनं सगळं जागच्या जागी! एकाच लॅपटॉपला इकडे आठवतं आणि तिकडे नाही? माझं डोकंच चालेना.

"अरे, बाई फाटकाशी आल्या!" निमिया ओरडली.

"बाबा, माफ करा," मी रडकुंडीला आलो. "कुठे बसलंय तेच कळत नाही हो."

सासऱ्यांनी मापांची वही उघडली. पेन्सिलीनं दोन ओळी नीट उतरवलेल्या!

"यंत्रानं शेवटी लिहिलं होतं, 'आता एवढं टाका.' तुम्ही गप्पांत होतात, मी टिपून घेतलं."

दुसऱ्या खिडकीत त्या दोन ओळी टाकल्या. आराखडा निघाला, बाईंनी सहा हार्प सांगितले.

"पण बाबा, वही आधी का नाही दिलीत?"

"दिली की, जावईबापू! तुम्ही आभार मानलेत."